चुना

जुना कोच गेला तेव्हा शिट्टीसुद्धा घेऊन गेला.
नवा आला चवथीचे गणपती पोचवल्यानंतरच्या सोमवारी:
एवारिस्त कुलासो, आमच्याच तरीवाड्यावरचा,
अठरा वर्षं आयर्लंडात, गॉलवेच्या एका इस्पितळात
जेवणाच्या गाड्या ढकलून परतलेला.
तिथल्या कुठल्याशा क्लबाची हिरवी लोकरी टोपी डोक्यावर,
शिरोड्याच्या भर उन्हात.

मी रोहिदास. बावीस वर्षं मैदानावर चुना मारतो.
सामन्यामागे दोनशे रुपये आणि एक सोडा.
खेळातलं मला कोणी विचारत नाही.

पहिले चार सामने हरलो.
कुडचड्याच्या पोरांनी तर सहा घातले,
त्यातला एक आमच्याच म्हाबळूचा, डोक्यानं, सुरेख.
तिंट्यावर लोक म्हणाले,
पेज वाढणारा हा, टीम काय वाढवणार?
दुसऱ्या दिवशी पदेरानं त्याच्या दारात
सायकलचा भोंपू वाजवला. सहा वेळा, मोजून.

संध्याकाळी मी दोरी गुंडाळत होतो, तर हा आला.
"रोहिदासबाब, रुंदी किती?"
"पंच्याऐंशी पावलं. माझी."
तो एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत चालून आला,
टोपी काढून वारा घेतला.
"दामू कंडक्टर एकोणचाळीसचा.
डेल्टन रात्रभर बार्जवर, तिथून थेट सामन्याला.
त्यांच्यासाठी एवढं म्हणजे पणजी ते वास्को."
मग आवाज खाली आणून:
"तिथे एक म्हातारा होता, तुझ्यासारखाच, डबा घेऊन फिरणारा.
टीम थकली की तो मैदान आवळायचा."
"नियमात बसतं?"
"नियमात बसतं," तो म्हणाला. "लाजेत बसत नाही."

दोन पावलं इकडून, दोन तिकडून.
रात्री हातांची आग होईपर्यंत धुतले.
बायको म्हणाली, शेवटी गावालाच चुना लावलास.

नरकासुर जाळून, न झोपता, काजळल्या तोंडांनी पोरं खेळली,
एक-एक.
मग मडगावात एक सुटला, घरी दोन जिंकले.
समोरचा विंगर बॉल घेऊन रेषेबाहेर जाई
आणि पायाखाली बघत राही,
स्वतःच्याच घरात नवा उंबरठा लागल्यासारखा.
लोक म्हणू लागले, कुलासोकडे विद्या आहे.
मी सोडा पीत ऐकायचो.

विद्या असलीच तर ती वेगळी होती.
रोज पहाटे खाजणाच्या बांधावरून मानशीपर्यंत
पोरांना पळवायचा, मागून स्वतः, धापा टाकत.
नाताळात पळवलं, इंत्रुजात पळवलं.
दामू पहिल्या दिवशी अर्ध्यात बसून ओकला होता.

शिगमो संपला. उरला शेवटचा सामना,
वास्कोवाल्यांशी, जे कधीच पहिले आलेले.
आम्हाला बरोबरी पुरे होती.
आदल्या संध्याकाळी हा आला.
"उद्या पंच्याऐंशी."
"खुळा झालास? उद्याच?"
"दामूला विचार, मानशीपर्यंत किती वेळा थांबतो आता."
विचारायची गरज नव्हती. पहाटे मी बघायचो त्यांना,
फाटकाच्या कुलपाशी उभा राहून.

जुनी रेषा शोधावी लागली नाही.
चुन्यानं जळालेलं गवत तिथे उगवलंच नव्हतं.

दोन-एक हरलो.
तरी वाचलो, कारण सांग्याला आणखी कुणीतरी हरलं.
फोन आला तेव्हा नाचलो, पण जरा ओशाळून.
मला मात्र तो एक गोल आठवतो:
ऐंशीव्या मिनिटाला दामू बाहेरच्या रेषेवरून,
माझ्या त्या परत दिलेल्या दोन पावलांतून पळत गेला,
तिकीट न काढता उतरणाऱ्याच्या मागे पळावा तसा,
आणि बॉल म्हाबळूच्या डोक्यावर ठेवला.
या खेपेला दिशा बरोबर होती.

सकाळी पदेरानं भोंपू एकदाच वाजवला.

कमिटीनं कुलासोचं अजून काही ठरवलेलं नाही.
मैदानात सध्या गुरं चरतात.
शाळेची पोरं चप्पल मांडून खेळतात आणि भांडतात,
दोन रेषा दिसतात, यातली खरी कुठली?
मला विचारायला येतात.
मी सांगतो, दोन्ही मीच मारल्यात.